नळाआधी मालकी: पापुआ न्यू गिनीच्या एका डोंगरी गावातील मिशनरी कुटुंब आणि पाण्याचा प्रश्न

दुर्गम गावात राहायला जाणाऱ्या मिशनरी कुटुंबांसाठी, त्यांना पाठवणाऱ्या मंडळ्यांसाठी आणि अशा गावांत पाण्याची कामे करणाऱ्यांसाठी हे प्रकरण मांडले आहे. गाव, भावकी आणि माणसे यांच्या ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत.

पार्श्वभूमी

पापुआ न्यू गिनी हा देश १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला. तिथे ८०० हून अधिक भाषा बोलल्या जातात आणि सुमारे ९७ टक्के जमीन परंपरेने कुळांच्या, म्हणजे भावक्यांच्या, सामाईक मालकीची आहे. पुढे जे घडले त्याचे मूळ या जमिनीच्या व्यवस्थेत आहे. ओसाड दिसणाऱ्या जंगलालाही तिथे मालक असतो. त्याला टोक पिसिन या तिथल्या सामाईक भाषेत 'पापा ग्राउन' म्हणतात, आणि त्याला विचारल्याशिवाय झाडाची फांदीही तोडता येत नाही.

हे गाव मध्यवर्ती डोंगराळ भागात, १,७५० मीटर उंचीवर, डोंगराच्या एका सोंडेवर पसरलेले आहे. साठ घरे, साधारण ३४० माणसे, तीन भावक्या. रस्ता नाही. गवताची छोटी उतरती धावपट्टी आहे आणि तीन-चार आठवड्यांनी एखादे विमान उतरते. खाणे मुख्यतः रताळ्यांचे. रोख पैसा कॉफीचा, तोही हंगामापुरता.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक मिशनरी जोडपे लहान मुलीसह इथे राहायला आले. नवऱ्याकडे भाषेचे काम होते: लिपी ठरवणे, साक्षरतेची पुस्तके करणे, नव्या कराराचे भाषांतर. बायको शिकलेली परिचारिका होती. एका भावकीने त्यांना आपल्यात घेतले, नाती लावून दिली आणि घरासाठी जागा दिली. तिला इथे यजमान भावकी म्हणू. दुसरी भावकी सोंडेच्या उतारावर राहते, ती खालची भावकी. तिसरी सर्वांत लहान, अकरा घरांची. ती गावाच्या वर जंगलाच्या कडेला राहते आणि वरच्या डोंगरावरचा बारमाही झरा तिचा आहे. ती झऱ्याची भावकी. यजमान भावकी बहुतेक लुथरन आणि खालची बहुतेक सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, हे दोन वेगळे ख्रिस्ती पंथ. त्यामुळे भावकीचा वाद पटकन मंडळीचा वाद होतो.

जोडप्याने पत्र्याचे घर बांधले. छपराचे क्षेत्रफळ ७२ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. वर्षाला २,५०० मिलिमीटर पाऊस आणि गळती-उडणे वजा जाता ८० टक्के पाणी हाती लागते असे धरले, तर वर्षाला १,४४,००० लिटर, म्हणजे दिवसाला सरासरी ३९५ लिटर होतात. हा हिशेब कागदावर छान दिसतो, पण खरी अडचण साठवणीची. मोठी अखंड टाकी छोट्या विमानाच्या दारातून आत जात नाही. म्हणून १,००० लिटरच्या चार टाक्या पन्हळीखाली एकमेकींना जोडून बसवल्या. कुटुंबाची गरज दिवसाला १२० लिटर, म्हणजे भरलेल्या टाक्या महिनाभर पुरत.

टाक्या घराच्या पुढच्या बाजूला, पायवाटेवरून दिसतील अशा ठेवल्या होत्या. पन्हळीचा उतार त्या बाजूला सोयीचा होता, एवढेच कारण.

प्रश्न कसा उभा राहिला

२०१५ च्या मध्यापासून एल निनोमुळे देशभर दुष्काळ पडला. उंचावरच्या भागांत गोठलेल्या दहिवराने रताळ्यांचे वेल जळाले. या गावात दहिवर पडले नाही, पण पाऊस थांबला आणि सोंडेखालचा ओढा डबक्यांपुरता उरला. बायका-मुली जाऊन-येऊन सव्वा तास चालून पाणी आणू लागल्या.

ऑगस्टच्या शेवटी टाक्यांमध्ये २,६०० लिटर पाणी होते. जोडप्याने पहिला निर्णय त्या रात्रीच घेतला: नळ सगळ्यांना खुला, घराला रोज दहा लिटरचे एक भांडे. साठ घरांना दिवसाला ६०० लिटर, म्हणजे चार दिवस जेमतेम. तोवर पाऊस येईल अशी आशा होती. भांडी मोजायला मात्र कोणी नेमले नव्हते. घर यजमान भावकीच्या जागेत, त्यामुळे रांगेत पुढे तीच. खालच्या भावकीच्या बायका चढून येईपर्यंत पाणी खाली गेलेले असे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टाक्यांत ३०० लिटर उरले आणि रांगेत हाणामारी झाली.

दुसरा निर्णय: नळाला कुलूप. उरलेले पाणी जखमा धुण्यासाठी आणि जुलाब झालेल्या मुलांच्या जलसंजीवनीसाठी राखून ठेवले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण गावातल्या आयांना परिचारिकेनेच शिकवले होते, आणि त्यासाठी लागणारे पाणीच आता गावात मिळत नव्हते. वैद्यकीयदृष्ट्या कुलपाचा निर्णय बरोबर होता. गावाने त्याचा वेगळा अर्थ लावला. यजमान भावकीची तरुण मुले स्वतःहून टाक्यांवर पहारा देऊ लागली आणि जोडप्याने त्यांना थांबवले नाही. एका रात्री खालच्या भावकीतली एक आई जुलाब झालेले मूल घेऊन आली, तिला या मुलांनी परत पाठवले. सकाळी ही गोष्ट कळताच परिचारिका स्वतः खाली गेली. मूल वाचले. पण त्या आठवड्यात घराच्या पत्र्यावर दगड पडले आणि खालच्या भावकीतले लोक साक्षरता वर्गाला येईनासे झाले.

गावाच्या नजरेत त्या टाक्या मिशनरींच्या नव्हत्याच. घर ज्यांच्या जमिनीवर, त्यांच्या त्या टाक्या. चार वर्षे औषध, शिकवणी, टपाल, सगळे यजमान भावकीच्या अंगणातून वाटले गेले होते. खालच्या भावकीला ते खटकत होते, आणि कुलूप दिसल्यावर पहिल्यांदा कोणी ते उघड बोलले. 'वॉन्टोक' व्यवस्थेत, म्हणजे एका भाषेच्या व नात्याच्या माणसांनी एकमेकांचे देणे लागण्याच्या रीतीत, जवळ असलेले न देणे हा नाते तोडण्याचा प्रकार मानला जातो.

कोणते मार्ग होते

नोव्हेंबरमध्ये तुरळक पाऊस सुरू झाला आणि तातडी संपली. इथे बहुतेक जण विषय सोडून देतात. या जोडप्याने तो सोडला नाही. पाण्याची थोडी जाण असलेला एक सहकारी बोलावून त्यांनी पाच मार्ग तपासले.

पहिला, आहे तेच शिस्तीने वाटणे. आपत्तीच्या काळात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हे मानवतावादी मदतीत सर्वमान्य मानक आहे. ३४० माणसांना ते ५,१०० लिटर होते, आणि चारही टाक्या भरलेल्या असल्या तरी एक दिवस निघत नाही.

दुसरा, शाळा आणि चर्च यांच्या छपरांवरून पाणी धरणे. चर्चवर कुनाई गवताचे छप्पर होते. गवतावरून येणारे पाणी पिवळट असते आणि त्यात कुजका कचरा उतरतो, म्हणून तिथे आधी पत्रे हवेत. माणशी फक्त पाच लिटर धरले तरी ६० कोरड्या दिवसांसाठी १,०२,००० लिटरची साठवण लागते. ती विमानाने आणणे अशक्य.

तिसरा, विहीर. सोंडेवर भूजल खोल आणि खोदयंत्र आणायला रस्ता नाही. हा मार्ग लगेच सोडला.

चौथा, ओढ्यावर जलघातक पंप. हा पंप इंधनाशिवाय, पडत्या पाण्याच्या धक्क्याने थोडे पाणी उंच चढवतो. कोणाची जमीन लागणार नव्हती, कारण ओढा सामाईक. तीन मीटर पडणारे पाणी ६० मीटर वर चढवायचे असेल आणि कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर पंपात शिरलेल्या पाण्यापैकी तीनच टक्के वर पोहोचते. दुष्काळात ओढ्यातून मिनिटाला ६० लिटर मिळाले तरी वर १.८ लिटर, दिवसाला सुमारे २,६०० लिटर, माणशी साडेसात. शिवाय झडपा झिजतात आणि सुटे भाग विमानाने येतात.

पाचवा, वरच्या झऱ्यावरून गुरुत्वाने नळ. दुष्काळ अजून पुरता सरला नव्हता तेव्हाच प्रवाह मोजून घेतला, आणि या प्रकरणातली ती सर्वांत शहाणी कृती ठरली. २० लिटरची बादली ५५ सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला ०.३६ लिटर, दिवसाला ३१,००० लिटर, माणशी ९० लिटरच्या वर. पावसाळ्यात तीच बादली १४ सेकंदांत भरते. त्या आकड्यावर आखलेली योजना पुढच्या दुष्काळात कोरडी पडली असती. लोकसंख्या वर्षाला तीन टक्के वाढेल असे धरले तर वीस वर्षांनी माणसे ६१० च्या आसपास होतील, तरीही माणशी ५० लिटर राहतात.

पाण्याच्या हिशेबात पाचवा मार्गच टिकत होता. पण झरा लहान भावकीचा होता. त्यातल्या वरच्या डोहात 'मसलाई', म्हणजे त्या जागेचा आत्मा, राहतो अशी तिची श्रद्धा होती. दुष्काळातही बाकीच्या गावाने त्या झऱ्याला हात लावला नव्हता तो याच कारणाने.

झरा कोणाचा

बोलणी डिसेंबर २०१५ ते जून २०१६ चालली. पाठवणाऱ्या संस्थेला हा काळ वाया गेलेला वाटला. वस्तुतः नळयोजना टिकली ती या सात महिन्यांमुळे.

पहिला पेच पैशाचा. झऱ्याच्या भावकीने सुरुवातीला १०,००० किना (किना हे तिथले चलन) भरपाई मागितली. देणगीदारांकडून तेवढी रक्कम उभी राहू शकत होती, आणि संस्थेतल्या काहींचे मत 'देऊन टाका आणि काम सुरू करा' असे होते. जोडप्याने नकार दिला. भरपाई मिशनरीने दिली तर पाण्याचा व्यवहार मिशनरी आणि झऱ्याची भावकी यांच्यात होतो, आणि उरलेल्या दोन भावक्यांची माणसे नुसती ग्राहक होतात. पुढच्या पिढीत नवी मागणी आली की ती पुन्हा मिशनरीच्या दारात येते. मिशनरी देश सोडून गेला असेल तर नळ तोडला जातो.

त्याऐवजी त्यांनी तिन्ही भावक्यांच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगितले की सिमेंट, पाइप आणि विमान यांची जबाबदारी आमची, झऱ्याचा मानपान तुमचा. दोन महिने काहीच हलले नाही. मग एका जुन्या लग्नाचे थकलेले देणे निघाले, त्यावरून झऱ्याच्या भावकीचा राग निघाला, आणि ते देणे फिटल्यावर पाण्याचे बोलणे मार्गी लागले. शेवटी यजमान आणि खालच्या भावकीने मिळून झऱ्याच्या भावकीला डुकरे दिली, तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात मांस-रताळी शिजवून सगळ्यांनी एकत्र खाल्ली. ॲडव्हेंटिस्ट डुक्कर खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कोंबड्या वेगळ्या शिजवल्या. हा तपशील आधी कोणाच्या लक्षात आला नसता तर अर्धी खालची भावकी जेवायला बसली नसती आणि करार अपुरा राहिला असता.

करार टोक पिसिनमध्ये आणि गावच्या भाषेत लिहिला. साक्षीला वॉर्डचा निवडून आलेला सदस्य आणि ग्राम न्यायालयाचा दंडाधिकारी होते. झऱ्याची मालकी त्या भावकीचीच राहील, पहिला नळ तिच्या वस्तीवर, देखभालीच्या दोन माणसांपैकी एक कायम तिचा, आणि भांडण झाले तरी नळ तोडायचा नाही, प्रकरण ग्राम न्यायालयात न्यायचे, हे चार मुद्दे त्यात होते.

दुसरा पेच श्रद्धेचा. मंडळीतल्या तरुण सुवार्तिकांनी सुचवले की झऱ्यावर जाऊन प्रार्थना करू, मसलाईचा डोह साफ करू आणि काठचे जुने झाड तोडून टाकू, म्हणजे भीती कायमची जाईल. मिशनरीसाठी हा खरा कसोटीचा क्षण होता. त्याचा स्वतःचा विश्वास त्या तरुणांसारखाच होता. तरीही त्याने दोन गोष्टी मांडल्या. डोह त्या भावकीचा आहे आणि तिच्या संमतीशिवाय तिथे जाऊन काहीही करणे हा अतिक्रमणाचाच प्रकार ठरेल. आणि झऱ्याच्या वरची झाडे तोडली तर सावली, मुळे आणि पाझर जातात, झराच आटू शकतो. तरुणांपैकी काही नाराज झाले, एक जण वर्षभर चर्चमध्ये आला नाही. आमच्या मते मिशनरीचा निर्णय योग्यच होता. ज्या पाण्यासाठी एका भावकीचा अपमान करावा लागतो, त्या पाण्याजवळ सुवार्ता सांगायला तोंड उरत नाही.

वडीलधाऱ्यांनी स्वतःच तोड सुचवली: वरच्या डोहाला हात लावू नका, त्याखाली चार मीटरवर खडकातून दुसरा उमाळा येतो तो घ्या. तिथेही प्रवाह तेवढाच होता. उतार मात्र चार मीटरने घटला.

बांधकाम: काय जमले, काय फसले

झऱ्यापासून साठवण टाकीपर्यंत अंतर १,०५० मीटर. आधीच्या जागेपासून उतार ४२ मीटर होता, नव्या जागेपासून ३८. ०.३६ लिटर प्रवाहाला ३२ मिलिमीटरच्या एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपात घर्षणाने सुमारे १८ मीटर उंची खर्च होते, म्हणजे पाणी पोहोचायला हरकत नाही. २५ मिलिमीटरचा पाइप स्वस्त आणि हलका, पण त्यात तेवढ्याच प्रवाहाला ७० मीटरहून अधिक उंची लागली असती. ३८ मीटरमध्ये त्यातून सेकंदाला ०.२५ लिटरच वाहिले असते. म्हणून ३२ मिलिमीटरचा घेतला.

सिमेंटच्या ४० किलोच्या ३२ गोण्या, पाइपांची वेटोळी, कोंबडी-जाळी, जोड आणि तोट्या असे मिळून साधारण १,८५० किलो सामान तीन फेऱ्यांत आले. वेटोळी वजनाला हलकी, १०० मीटरचे २५ किलोच्या आसपास, पण जागा फार खातात. फेरी आखताना वजनाइतकाच आकार पाहावा लागतो. डोंगरी दमट हवेत गोण्या जमिनीवर ठेवल्या की महिन्यात दगड होतात, म्हणून लाकडी मांडणीवर, भिंतीपासून दूर ठेवल्या आणि बांधकाम जुलैच्या कोरड्या दिवसांत लगेच सुरू केले.

झऱ्याची कुंडी बांधताना एकच नियम कसोशीने पाळायचा असतो: कुंडीतली पाण्याची पातळी उमाळ्याच्या तोंडापेक्षा वर जाऊ द्यायची नाही. पातळी वर गेली की उलटा दाब बसतो आणि झरा दुसरी वाट शोधतो, कधी कायमची. म्हणून खडक लागेपर्यंत मागे खणून, सांडव्याचा पाइप तोंडाच्या खाली बसवला. उमाळ्यासमोर धुतलेली खडी, मागे आणि बाजूंना चिकणमाती ठासून भरली, वर काँक्रीटचे झाकण. पावसाचे वाहते पाणी आत शिरू नये म्हणून वरच्या अंगाला दहा मीटरवर चर. सभोवती ३० मीटरचे कुंपण, कारण गावातली डुकरे मोकळी फिरतात आणि ओल्या मातीत हमखास उकरतात. पाइपही ६० सेंटिमीटर खोल गाडला, डुकरांपासून आणि रताळ्याच्या वाफ्यांत खणायच्या काठ्यांपासून वाचावा म्हणून. साठवण टाकी १०,००० लिटरची, जाळीवर एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा देऊन जागेवरच बांधली आणि आठवडाभर ओल्या गवताने झाकून ठेवली. रात्रीच्या आठ तासांत ती भरते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पाणी सोडले, तेव्हा टाकीशी बादली ५५ ऐवजी ७७ सेकंदांत भरू लागली. झऱ्याच्या कुंडीतून मात्र सांडवा जोरात वाहत होता. याचा अर्थ झऱ्यात पाणी होते, पाइप ते घेत नव्हता. गळती शोधण्यात चार दिवस गेले, गळती नव्हती.

कारण ४३० मीटरवर सापडले. तिथे पाइपाची वाट एका उंचवट्यावरून जाते. जुन्या जागेपासून तो उंचवटा आठ मीटर खाली होता आणि तिथवर घर्षणात सुमारे साडेसात मीटर उंची खर्च होते, म्हणजे जेमतेम का होईना भागत होते. कुंडी चार मीटर खाली आली आणि उंचवटा फक्त चार मीटर खाली राहिला. एकूण उतार पुरेसा असूनही मधल्या त्या बिंदूवर दाब उरत नव्हता, पाण्यातली हवा तिथे साचत होती आणि प्रवाह आपोआप ०.२६ लिटरवर येऊन अडकत होता. जागा बदलल्यावर सुरुवात आणि शेवट यांच्यातला उतार पुन्हा मोजला होता, मधली रेषा पुन्हा काढली नव्हती. नळयोजनांत ही चूक वारंवार होते. प्रत्येक उंचवट्याशी 'इथवर किती उतरलो आणि घर्षणात किती गेले' हे वेगळे तपासावेच लागते.

उंचवटा चार मीटर खणणे शक्य नव्हते. पहिल्या ४३० मीटरमध्ये ४० मिलिमीटरचा पाइप घातला, त्यामुळे तिथवरचे घर्षण अडीच मीटरवर आले. पाच वेटोळी पुढच्या विमानाने यायला सहा आठवडे लागले. काढलेला ३२ मिलिमीटरचा पाइप खालच्या वस्तीच्या वाटपाला वापरला. मसलाईच्या डोहाला दिलेल्या मानाची किंमत पाच वेटोळी आणि दीड महिना इतकी पडली. ती मोजायला कोणीही कुरकुर केली नाही, हे नोंदवण्यासारखे आहे.

उद्घाटन आणि श्रेय

पाठवणाऱ्या संस्थेने संगमरवरी पाटी, उद्घाटनाची उपासना आणि देणगीदारांसाठी छायाचित्रे मागितली. खालच्या भावकीत तोवर कुजबुज होती की नळ लुथरन होणाऱ्यांनाच मिळणार. जोडप्याने पाटी लावू दिली नाही. दोन्ही मंडळ्यांच्या पाळकांनी एकेक छोटी प्रार्थना केली, झऱ्याच्या भावकीच्या सर्वांत वयस्क बाईने पहिली तोटी उघडली, प्रवचन झाले नाही. देणगीदारांना पाइपांचे, टाकीचे आणि हिशेबाचे फोटो पाठवले, तहानलेल्या मुलांचे नाहीत. त्यावर्षी देणगी थोडी कमी आली. संस्थेने ते पत्करले, हे तिचे श्रेयच आहे.

निकाल

नोव्हेंबर २०१६ पासून सहा ठिकाणी पाणी आहे. पाण्याची पायपीट सव्वा तासावरून काही मिनिटांवर आली. घरगुती औषधपेटीत खरजेचे मलम आणि जखमांच्या पट्ट्या पूर्वीसारख्या झपाट्याने संपत नाहीत. खालच्या भावकीतले लोक साक्षरता वर्गात हळूहळू परतले, सगळे नाहीत.

खरी परीक्षा २०१८ मध्ये झाली. जोडपे वर्षभराच्या रजेवर मायदेशी होते. लग्नाच्या देण्यावरून वाद पेटला आणि खालच्या भावकीतल्या एका तरुणाने रागात मुख्य पाइप कापला. देखभालीच्या दोघांनी तिसऱ्या दिवशी जोड टाकून तो सुरू केला आणि प्रकरण कराराप्रमाणे ग्राम न्यायालयात गेले. तरुणाच्या घरच्यांनी एक डुक्कर दंड भरला. मिशनरींना हे परतल्यावर कळले.

वर्गणीचे गणित मात्र बसले नाही. दर घराने महिन्याला एक किना द्यायचा असे ठरले होते, तिसऱ्या महिन्यात ते बंद पडले. महिन्याला रोख पैसा त्या गावात येतच नाही. आता कॉफीच्या हंगामात प्रत्येक घर वाळवलेल्या बियांचा ठरलेला वाटा देते, तो एकत्र विकून वॉशर, तोट्या आणि जोड आणतात. एका वर्षी कॉफीचा भाव पडला तेव्हा दोन तोट्या पाच महिने गळत राहिल्या.

वेगळे काय करता आले असते

टाक्या. घर बांधतानाच, पाऊस भरपूर असताना, टाक्यांतले पाणी टंचाईत कोणाला, कोणत्या क्रमाने आणि कोण मोजून देईल हे तिन्ही भावक्यांसमोर ठरवायला हवे होते. दुष्काळात केलेला नियम, तो कितीही न्याय्य असो, यजमान भावकीच्या अंगणात केलेला नियम ठरतो. पहाऱ्याला बसलेल्या मुलांना त्याच दिवशी उठवायला हवे होते, किंवा पहारा तिन्ही भावक्यांच्या बायकांकडे द्यायला हवा होता.

घराची जागा. एका भावकीने आपल्यात घेतल्याशिवाय परक्याला तिथे राहताच येत नाही, तेव्हा ते टाळणे शक्य नव्हते. औषधवाटप आणि वर्ग मात्र पहिल्या वर्षापासून शाळेत किंवा आळीपाळीने तिन्ही वस्त्यांवर घेता आले असते.

तोट्यांच्या जागा. सात महिन्यांच्या बोलण्यांत बसले ते पुरुष. सहापैकी दोन तोट्या पुरुषांसाठीच्या वेगळ्या घरांजवळ आल्या, आणि तिथे बायकांना अंघोळ करता येत नाही, कपडे धुताना संकोच वाटतो. त्या दोन तोट्या वर्षभर जवळपास वापराविना राहिल्या आणि बाकीच्या चारांवर गर्दी झाली. २०१७ मध्ये एक हलवली, दुसरीभोवती आडोसा बांधला. पाणी भरणाऱ्या बायका-मुलींना आधी सोबत घेऊन गावभर फिरले असते तर हा खर्च वाचला असता. सांडपाण्याचे चरही त्याच फेरीत ठरले असते. पहिल्या पावसाळ्यात तीन तोट्यांखाली डबकी झाली आणि डुकरांनी ती आपलीशी केली.

अवजारांची पेटी. पाइप जोडण्याच्या पकडी, आरी, टेप आणि सुटे जोड पहिली दोन वर्षे मिशनरींच्या घरात कुलपात होते. रजेवर जाताना ती पेटी झऱ्याच्या भावकीच्या देखभाल-माणसाकडे दिली, तीही निघण्याच्या आदल्या आठवड्यात, घाईने. २०१८ चा पाइप तीन दिवसांत जोडला गेला तो त्यामुळेच. पेटी घरात राहिली असती तर गावाला पुढच्या विमानाची आणि किल्लीची वाट पाहावी लागली असती. पेटी पहिल्या दिवसापासून गावाकडे असावी आणि तिच्या दोन याद्या असाव्यात, एक पेटीत, एक वॉर्ड सदस्याकडे.

सध्या खालच्या वस्तीतली घरे वाढली आहेत आणि तिला दुसरी शाखा हवी आहे. टाकीपासून ती वस्ती खूप खाली असल्याने दाब वाढून तोट्यांचे वॉशर लवकर जातात, म्हणून मध्ये दाब मोडणारी छोटी टाकी लागेल. तिची जागा झऱ्याच्या भावकीच्या जमिनीत येते. बोलणी सुरू आहेत, आणि या वेळी त्यांत पाणी भरणाऱ्या चार बायका बसतात.